दुरुस्तीचं सामान

त्या दसऱ्याला आमच्या बाबांचा उजवा हात कोपराच्या चार बोटं खालून काढावा लागला.

असं काही झालेलं नाही. आमच्या घरात तसं ठरलेलं आहे. आई अजूनही बाबांच्या शर्टांच्या दोन्ही बाह्यांना सारखीच इस्त्री करते आणि ग्वाल्हेरहून मनोहरकाकांचं पत्र आलं की त्यात 'दत्तूस दोन्ही हातांनी आशीर्वाद' असं असतं. त्यातले हात काकांचे असतात, तरी बरं वाटतं. तेव्हा मीही पहिलं वाक्य मागे घेते आणि घटस्थापनेपासून सुरू करते. त्या दिवशी बाबांना दोन हात होते आणि दोन्ही कामावर गेले होते.

बाबा, म्हणजे दत्तात्रय दळवी, कारखान्यात हार्डनिंगला होते. पोलादाची कटरं भट्टीत लाल करायची, लांब चिमट्यानं उचलायची आणि तेलाच्या टाकीत बुडवायची. टाकीतून धूर उठतो, तेल उसळतं, आणि माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. चोवीस वर्षं अर्धं अर्धं पाऊल मागे सरकून बाबा भोपाळच्या या टाउनशिपमध्ये सीनियर झाले होते. सप्टेंबरात काम तुंबलं म्हणून त्यांनी ओळीनं डबल शिफ्टा केल्या, आणि एका शिफ्टला ते पाऊल मागे घ्यायचं राहिलं. उजव्या अंगठ्याच्या बेचक्यात तेल उडालं. फोड आला, फुटला, मग हात जरा सुजला.

"दवाखान्यात दाखवा," आई म्हणाली.

"हळद लाव. चिमटा धरता येतोय."

ललितापंचमीला मनोहरकाका आले. खांद्याला होल्डॉल, त्यातून तीनेक हात लांब काहीतरी बाहेर आलेलं, त्यावर फुलाफुलाचं कापड गुंडाळलेलं.

"काका, हे काय? पडद्याचा रॉड?" मी विचारलं.

"वैजू, अगदी बरोबर. टीसीलाही मी तेच सांगितलं. त्यानं मला पडदे कुठले घेतले तेही विचारलं."

ग्वाल्हेरच्या घरात आमची तीन शस्त्रं आहेत: धोप, तेगा आणि पट्टा. भाऊही तीन. खंडेनवमीची पूजा आळीपाळीनं एकेका भावाकडे होते आणि त्या वर्षी एक शस्त्र त्या घरी जातं. जाणत्यानं ते हातात घ्यायचं आणि एका घावात कोहळ्याचे दोन तुकडे करायचे. दोन घाव लागले तर वर्ष वाईट जातं म्हणतात. मधल्या विश्वनाथकाकांकडे उज्जैनला गेल्या साली धोप गेली होती. बाबांना वाटलं होतं, आता आपल्याकडेही धोपच येईल.

"धोप नाही आणली, दादा?"

"धोपेला भिंत लागते, दत्तू. इथे तुम्हाला खिळा ठोकायचा तर एस्टेट ऑफिसला अर्ज करावा लागतो ना?"

हे खरं होतं. आमचा खिळ्याचा अर्ज तेव्हा तिसऱ्या वर्षात होता.

संध्याकाळी शेजारचे श्यामकाका वानखेडे आले. ते नागपूरचे, कारखान्यात फिटर. त्यांनी कापड सोडताना बघितलं.

"तलवारच न हे?"

मनोहरकाकांनी चहाची बशी खाली ठेवली. हा प्रश्न त्यांना कुणी विचारला की पुढचा अर्धा तास त्यांचा असतो. तो मी थोडक्यात सांगते, कारण पुढे तो आमच्या फार अंगाशी आला. धोप लांब आणि सरळ, टोकाशी जरा कललेली. खांडा सरळच, पण दोन्ही बाजूंनी धार आणि टोकाकडे रुंद होत गेलेला, वल्ह्यासारखा. तेगा आखूड, जाड आणि वाकडा. तो अंगातल्या जोरावर चालतो. समशेर चंद्रकोरीसारखी वाकलेली, ओढून कापणारी. फिरंग म्हणजे पातं गोऱ्या साहेबाकडचं आणि मूठ आपली.

"आणि पट्टा?" श्यामकाका म्हणाले.

"पट्टा वेगळाच. बाकी सगळ्यांची मूठ हातात धरायची. पट्ट्याच्या मुठीत हात घालायचा."

आणि तो तसाच होता. कोपराजवळपर्यंत जाणारी लोखंडी बाही, आत मुठीनं धरायची आडवी कांब, बाहीच्या तोंडाशी हाताला धरून बसणारं कडं, आणि पुढे सरळ, पातळ, लवलवतं पातं. काकांनी बाहीच्या आत ग्वाल्हेरच्या मोच्याकडून नवा स्पंज आणि वर लाल रेक्झिन शिवून घेतलं होतं, कारण जुनं अस्तर टोचायचं.

पट्टा आमच्या कपाटावर आडवा ठेवला. सकाळी सहाला कारखान्याचा भोंगा झाला तेव्हा पातं गुणगुणलं. भोंगा थांबला तरी ते थोडा वेळ गुणगुणत राहिलं. दुपारी दोनला पुन्हा. आई पोळी लाटता लाटता थांबून ऐकायची आणि मग पुढची लाटायची.

अष्टमीला मनोहरकाका म्हणाले, "दत्तू, उद्या ऐन वेळी गडबड नको. घालून बघ."

बाबांनी हात घातला. मनगटापर्यंत गेला आणि अडकला. त्यांनी जोर केला, कपाळाला घाम आला, हात पुढे सरकेना.

"काढ," काका म्हणाले. मग त्यांनी स्वतःचा हात घातला. काका ग्वाल्हेरला मास्तर होते. हात पांढरा, निमुळता, बोटांना खडू सोडून काही लागलेलं नाही. तो आत गेला आणि बाहेर आला, पाण्यात घालून काढावा तसा. पुन्हा घालून दाखवला. तिसऱ्यांदाही दाखवला असता, पण आईनं चहा आणला.

"घराण्याच्या हाताला बसतो तो. आबांचा जायचा, माझा जातो. तुझा पंजा आता कामगाराचा झाला रे. राहू दे. उद्या पाहिजे तर कोहळा मीच कापतो."

मोरीवर जाऊन बाबांनी हात धुतले. फार वेळ धुतले. मी टॉवेल घेऊन उभी होते.

"तुझ्या आईला विचार, खोबरेल किती आहे," ते म्हणाले.

नवमी रविवारी आली. सकाळी आईनं हाटातून कोहळा आणला. विकणारीनं 'बहनजी, पेठा बनाओगी?' असं विचारलं. आई म्हणाली, 'नाही, कापायचा आहे,' आणि त्या बाईनं का कोण जाणे चार आणे कमी घेतले.

आमच्या क्वार्टरांच्या लायनीत एक रीत होती आणि ती बाबांनीच पाडलेली. नवमीला लायनीतले सगळे मिस्त्री आपापली घरची अवजारं आमच्या व्हरांड्यात आणून ठेवत. एकाच चादरीवर चाळीस घरांचे हॅकसॉ, कानशी, पाने, हातोडे, छिन्न्या. सगळ्यांवर एकच हळदकुंकू, एकच झेंडू. एकदा पूजा झाली की दशमीला सूर्य उगवून उत्तरपूजा होईपर्यंत त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. बंगाली, बिहारी, मल्याळी, सगळे हे पाळत. एका वर्षी कुणीतरी नवमीच्या दुपारी सायकलसाठी पाना उचलला आणि पुढच्या महिन्यात प्रेसखाली त्याचं नाही, तर त्याच्या शेजाऱ्याचं बोट गेलं. त्यावर बाबा दरवर्षी एकच वाक्य बोलत: "ज्यानं उचललं त्याचं जात नाही. चाळिसातल्या कुणाचंही जातं."

दहाला पूजा झाली. बाबांनी उजव्या हाताला कोपरापर्यंत खोबरेल चोळलं, डोळे मिटले आणि हात बाहीत रेटला. आत काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. त्यांचं तोंड पांढरं पडलं, पण हात आत होता. मूठ कांबेवर वळली.

त्यांनी मनोहरकाकांकडे बघितलं.

"जमलं," काका म्हणाले.

बाबांनी घाव घातला. पातं कोहळ्यातून गेलं, पाटातून गेलं आणि फरशीवर वाजलं. कोहळा अगदी मधोमध उघडला. टाळ्या पडल्या. श्यामकाका ओरडले, "वा भाऊ! इंजिनियरिंग कट!" बाबा हसले. इतके हसताना मी त्यांना तोपर्यंत पाहिलं नव्हतं.

मग त्यांनी हात काढायला घेतला.

आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. ते पाठ करून खेचत होते. मग आई जवळ गेली. मग श्यामकाका. साडेअकरापर्यंत खोबरेल, साबण, तूप आणि बर्फ, सगळं झालं. काका बाही धरून बसले आणि श्यामकाकांनी बाबांना काखेतून धरून ओढलं. बाबांचा खांदा कट्कन वाजला, हात तिथंच. फोडाचं पाणी रेक्झिनला लागून ते फुगलं होतं, खालचा स्पंज भिजून टम्म झाला होता आणि कडं कातडीत रुतलं होतं.

"थांबा जी," श्यामकाका वाकून बघत म्हणाले. "कांब दोन रिव्हेटवर हाय. दोन रिव्हेट कापले की कांब निंघते, कांब निंघाली की हात मोकळा. दहा मिन्टाचं काम. आरी..."

ते चादरीकडे वळले आणि थांबले.

चादरीवर लोखंड कापायचे अकरा हॅकसॉ होते. मी मोजले.

"दवाखान्यात जाऊ," बाबा म्हणाले.

श्यामकाकांची स्कूटर, मागे बाबा, त्यांच्या मागे मी, आणि सायकलवर मनोहरकाका. पट्टा मागे धरला तर लोकांना लागेल, म्हणून बाबांनी तो श्यामकाकांच्या खांद्यावरून पुढे काढला. पातं खड्ड्याखड्ड्याला डोलायचं. दुर्गेच्या मंडपापाशी लोकांना वाटलं, झाँकीच्या देखाव्यातला कुणी आला. त्यांनी स्कूटर अडवली. एका बाईनं बाबांच्या पाया पडून पोराचं डोकं टेकवलं, कुणी झेंडूची माळ घातली. "आशीर्वाद दो, महाराज!" बाबांनी डाव्या हातानं आशीर्वाद दिला. लोकांना तो फारसा पटला नाही, पण त्यांनी वाट दिली.

दवाखान्यात तरुण डॉक्टर होते. त्यांनी कड्याच्या वरची कातडी बोटानं दाबली. ती दबलेलीच राहिली. त्यांनी प्लॅस्टर कापायची आरी आणून रिव्हेटवर चालवली, तिचे दात गेले.

"मेरे पास लोहा काटने का कुछ नहीं है," ते म्हणाले. "शाम तक निकलवा लो. शाम के बाद मैं हाथ की गारंटी नहीं दूँगा. और तब तक हाथ ऊपर रखो."

बाबांनी हात वर केला. पट्ट्याचं टोक पंख्याला लागलं. नर्सनं धावत जाऊन पंखा बंद केला, आणि ओळीतल्या सगळ्या पेशंटांनी आमच्याकडे रागानं बघितलं.

गोविंदपुऱ्यात एका वर्कशॉपचं शटर अर्धं उघडं होतं. आम्हाला बघून ते पूर्ण बंद झालं. बाकी सगळीकडे कुलपं, आणि कुलपांना हार.

"भाऊ," श्यामकाका एकदम म्हणाले, "आपला कारखाना! आतल्या ग्राइंडरची पूजा मागंच, विश्वकर्मा पूजेले झाली. ते आज मोकळं हाय."

बाबांनी विचार केला. मी त्यांच्याकडे बघत होते. "चालेल," ते म्हणाले. "ग्राइंडर चालेल."

"म्हणजे पट्टा कापणार?" मनोहरकाका सायकलवरून उतरले.

"दोन रिव्हेट, दादा. उद्या मी नवे बसवून देईन. सांधा दिसणार नाही."

काका सायकलची चेन बसवल्यासारखं करत राहिले.

दोन वाजता गेटवर पोचलो. भोंगा झाला. बाबांच्या हातात पातं गुणगुणायला लागलं, आणि बाबांनी दात आवळले, कारण ते गुणगुणणं आता हाडातून येत होतं. गेटवर शंकरसिंह होता, बाबांना वीस वर्षं ओळखणारा.

"दळवीजी, यह क्या पहन लिया?"

श्यामकाकांनी सांगितलं. त्यानं ऐकलं, बाबांच्या हाताकडे बघितलं आणि रजिस्टर उघडलं.

"आदमी अंदर जाएगा. सामान की एंट्री करनी पड़ेगी. क्या लिखूँ? तलवार?"

"तलवार नाही," मनोहरकाका पुढे झाले. "पट्टा."

"एक ही बात है."

"एक बात कशी? तलवार वेगळी, धोप वेगळी, खांडा वेगळा..." आणि काकांनी सुरू केलं. शंकरसिंह पेन धरून ऐकत होता. बाबा हात वर धरून उभे होते आणि पट्टा आकाशाकडे होता. समशेरीपर्यंत आले तेव्हा मी म्हटलं, "काका, पुरे." ते फिरंगेपर्यंत गेले.

शंकरसिंहानं आवाज खाली आणला. भला माणूस होता. "देखो दळवीजी, हथियार लिखूँगा तो साहब की परमिशन चाहिए, और साहब अरेरा कॉलोनी में साले के घर खाना खा रहे हैं. मैं लिख देता हूँ, मरम्मत का सामान. मरम्मत का सामान अंदर जाता है. ठीक है?"

"ठीक हाय, लिवा," श्यामकाका म्हणाले.

"काय लिहितोय तो?" मनोहरकाका म्हणाले. "दुरुस्तीचं सामान? भंगारासारखं? दत्तू, आपल्या घरचा पट्टा आहे तो."

बाबांनी काकांच्या हाताकडे बघितलं, त्या निमुळत्या पांढऱ्या हाताकडे. मला वाटतं तेव्हा त्यांना मोरी आठवली असेल. किंवा टाळ्या.

"मरम्मत का सामान नहीं है," बाबा म्हणाले. "पट्टा है. पट्टा लिखो."

"दळवीजी, सोच लो."

"पट्टा."

शंकरसिंहानं लिहिलं. वेळ दोन दहा. मग त्यानं रजिस्टर मिटून त्यावर हात ठेवला. "तो फिर हथियार हुआ. हथियार नहीं जाएगा." आणि त्याच्या डोळ्यात पाणी आलं, म्हणून तो उगाच दुसऱ्या एका सायकलवाल्यावर ओरडला.

आतून आरी बाहेर आणायलाही साहेबांचीच सही लागत होती. साहेबांकडे माणूस गेला. साहेब जेवून कोलार रोडला प्लॉट बघायला गेले होते.

संध्याकाळी आम्ही व्हरांड्यात होतो. लायनीतले सगळे आले होते. चाळीस घरांतले चाळीस पुरुष, बायका वेगळ्या. मधे चादर. बाबा खुर्चीवर, पट्टा दोरीच्या वळणीवर टेकवून वर ठेवलेला, शेजारी आईची वाळत घातलेली साडी.

"दुखतं का हो?" आईनं विचारलं.

"नाही," बाबा म्हणाले. "आता नाही दुखत."

आईचा हात तोंडावर गेला. मग ती उठली आणि सरळ जाऊन चादरीवरचा एक हॅकसॉ उचलला. झेंडू खाली पडला.

"सरोज, ठेव." बाबांचा आवाज चढला नाही. "कुणाचा आहे तो, माहीत आहे? नारायणचा. मंगळवारी तो क्रेनवर चढतो. चाळीस जणांनी विश्वासानं ठेवलंय आपल्याकडे."

आईनं सगळ्यांकडे बघितलं. एकेकाच्या तोंडाकडे. ती वाट बघत होती. एकानं म्हणायचं होतं: वहिनी, घ्या, माझी आरी घ्या, काय व्हायचं ते माझं होऊ दे.

श्यामकाका एक पाऊल पुढे आले. त्यांच्या बायकोनं, प्रतिभाकाकूंनी, धाकट्या मुलीला कडेवर वर ओढलं, बस एवढंच. श्यामकाका खाली वाकले, पडलेला झेंडू उचलला आणि जिथल्या तिथे ठेवला.

नारायण मान खाली घालून उभा होता. तो काही बोलला नाही. मनोहरकाकाही नाही. मीही तिथंच होते. माझे दोन्ही हात मोकळे होते.

आईनं हॅकसॉ ठेवला.

दशमीला सूर्य सहा वाजून काही मिनिटांनी उगवला. काकांनी उत्तरपूजा केली, चादरीवर अक्षता टाकल्या, आणि त्या खाली पडायच्या आत अकरा जणांनी अकरा हॅकसॉ पुढे केले. श्यामकाकांनी रिव्हेट कापले. त्यांचा अंदाज जरा चुकला. दहा नाही, अकरा मिनिटं लागली. हात बाहेर आला तेव्हा कोण कुठे बघत होतं ते मला माहीत नाही. मी भिंतीकडे बघत होते, जिथे खिळा नव्हता.

त्यानंतर डॉक्टरांनी जे केलं ते, मी सुरुवातीलाच म्हटलं, झालेलं नाही.

मनोहरकाका पट्टा घेऊन गेले. ग्वाल्हेरला त्यांनी नवे रिव्हेट बसवून घेतले. सांधा दिसतो, असं त्यांनी पत्रात कळवलं. बाबांना कारखान्यानं स्टोअरमध्ये खिडकीशी बसवलं. तिथे ते डाव्या हातानं पावत्या फाडतात. मंगळवारी नारायण क्रेनवर चढला आणि सुखरूप उतरला. उतरल्यावर तो आमच्याकडे आला, व्हरांड्यात बसला, चहा प्याला आणि न बोलता गेला. अजूनही दर मंगळवारी येतो.

मी टायपिंगची परीक्षा पास झाले आहे. गेल्या आठवड्यात बाबा म्हणाले, "वैजू, एक अर्ज टाइप कर." तीन प्रती केल्या, हिंदीत. खाली डाव्या हाताची सही आहे. ती जुन्या सहीशी जुळत नाही, असं ऑफिसनं आधीच कळवलं आहे. मजकूर मराठीत असा:

'प्रति, माननीय मुख्य सुरक्षा अधिकारी. विषय: गेट रजिस्टरमधील नोंदीत दुरुस्ती करण्याबाबत. महोदय, गेल्या आश्विन शुद्ध नवमीस, रविवारी, दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी अर्जदार मुख्य गेटवर हजर झाला असता, सोबतच्या वस्तूचा प्रकार अर्जदाराच्या सांगण्यावरून 'पट्टा' असा लिहिण्यात आला. सदर माहिती अर्जदाराने चुकीची दिली होती. तरी उक्त नोंद खोडून त्या जागी 'दुरुस्तीचे सामान' असे लिहावे, आणि अर्जदारास त्याच तारखेस, त्याच वेळी, दोन्ही हातांसह आत सोडण्यात यावे, ही नम्र विनंती.'